बाहेरून दिसणारी खोली

१

वायऱ्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि वीजबिलाला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्या जगासाठी तो वायऱ्याच. छोटी दुकानं, दवाखाने, शिकवण्या अशा ठिकाणी राऊटर बसवायचे आणि बिघडले की नीट करायचे, हा त्याचा धंदा. खिशात कायम पक्कड आणि तोंडात कायम एकच वाक्य, "आधी बंद करून चालू करा." दहातली नऊ दुखणी तेवढ्यानेच बरी व्हायची आणि उरलेल्या एका दुखण्यावर त्याचं घर चालायचं.

आत्याचं पाळणाघर मात्र घरचंच काम. आत्या ही त्याची थोरली बहीण. पाळणाघरात पहिली आली ती वायऱ्याचीच मुलगी, तिने "आत्या" म्हटलं आणि मागून आलेली सगळी पोरं, त्यांचे आईबाप, दूध घालणारा माणूससुद्धा तिला आत्याच म्हणू लागले. जागा म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली आणि मागे स्वयंपाकघर. दाराशी कोपऱ्यात चपलांचा रॅक, रॅकच्या वर फळी, फळीवर राऊटर. समोरच्या भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाच्या वर छताला चिकटून कॅमेरा. आईबापांनी कामावरून फोनवर बघावं, आपलं पोर खेळतंय, झोपलंय, एवढ्यासाठी तो. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, नुसतं चित्र.

वायऱ्याच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. चार वर्षांची. ती एका जागी बसलेली दिसली तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघावं लागे. आणि एक खोड म्हणजे चपला नेहमी उलट्या घालायची, डावी उजव्यात, उजवी डाव्यात. आईने रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, आतून फुलं चिकटवून पाहिली. भिंगरीचं उत्तर ठरलेलं असे, "माझ्या पायांना असंच आवडतं." वायऱ्या हसायचा. रोज जेवणं झाली की ती कॅमेऱ्याखाली जाऊन वर बघत हात हलवायची, कारण बाबाला तिथून दिसतं हे तिला त्यानेच सांगितलं होतं. कामाच्या धबडग्यात बऱ्याचदा बघायचं राहून जायचं. पण ती हलवायचीच.

२

"अरे, तुझा तो कॅमेरा माझी अब्रू घेणार आहे," आत्या फोनवर म्हणाली. आवाज रडवेला होता, आणि आत्या सहसा रडणारी बाई नव्हे.

कॅमेरा बाहेरून कधी दिसतो, कधी दिसत नाही, ही तक्रार जुनीच होती. वायऱ्याने ती "बघू, बघू" करत महिनाभर टोलवली होती. घरचं काम शेवटी, त्याला कोण विचारतो! पण आता प्रकरण वेगळंच झालं होतं. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंचा मुलगा पाळणाघरात होता. त्यांनी दुपारी सरळ फोन करून विचारलं, "आत्या, तुम्ही मुलांना शिक्षा करता का? सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून का बसवलंय?"

"मी म्हटलं, अहो, इथे धुडगूस चाललाय, या आणि बघा!" आत्या सांगत होती. "तर म्हणाल्या, मला फोनवर दिसतंय ना. मग त्यांनी बाकीच्यांना कळवलं. आणखी दोघांना तेच दिसलं म्हणे. उद्या संध्याकाळी सगळे एकदम येणार आहेत. त्यांचं समाधान झालं नाही तर मुलं काढून नेतील."

"ताई, अगं दुसऱ्या कुणाचा तरी कॅमेरा दिसत असेल. मी बघतो ना."

"पाळणाघर बंद पडलं तर पडू दे. पण लेकरांना छळणारी बाई असं नाव घेऊन मी नाही जगायची. एकाही पोरावर हात उगारला असेन तर हे हात झडून जातील."

वायऱ्याने दुसऱ्या दिवशीची सगळी कामं पुढे ढकलली.

३

दुखणं त्याला आत शिरता शिरताच कळलं, किंवा कळलं असं वाटलं.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय, हे तो गिऱ्हाइकांना इमारतीच्या राखणदाराचं उदाहरण देऊन समजवायचा. बाहेरून पाहुणा येतो आणि दारावर एक ठरलेला आकडा सांगतो. राखणदाराला सांगून ठेवलेलं असतं, की हा आकडा सांगणाऱ्याला वीस नंबरच्या खोलीत पाठव. पाहुणा जातो. पण वीस नंबरात आज एक बिऱ्हाड आणि उद्या दुसरंच असेल, तर पाहुणा भलत्याच घरात जाऊन बसणार. राखणदाराचा त्यात काय दोष?

इथे बिऱ्हाडं बदलत होती ती आत्यामुळे. रोज संध्याकाळी झाडलोट झाली की कुलूप लावण्याआधी ती मेन स्विच खाली पाडायची. "बाबांची शिकवण आहे," ती म्हणायची. "रिकाम्या घरात वीज ठेवू नये. आगीला काय, निमित्तच लागतं." सकाळी स्विच वर गेला की राऊटर नव्याने जागा वाटायला बसे, जो आधी जागा होईल त्याला आधी. कधी कॅमेऱ्याला वीस नंबर मिळे, कधी भलत्यालाच.

"म्हणजे माझंच चुकलं म्हण की," आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. भिंगरी तिच्या पदराला लोंबकळत होती.

"तुझं नाही गं. पण आता हा स्विच पाडायचा नाही. आज तर नाहीच नाही. वचन दे."

"बरं बाबा, नाही पाडत."

त्याने खोलीत उभं राहून फोनवर कॅमेरा उघडला. पोरं दिसली, बॉल दिसला, आत्याचा पदर दिसला. सगळं जिथल्या तिथे. आत्याचा चेहरा उजळला, पण वायऱ्याने मान हलवली. आतून तपासणं म्हणजे आपणच परीक्षा घ्यायची आणि आपणच पास व्हायचं. आतून नेहमीच ठीक दिसतं. खरी परीक्षा बाहेरून.

४

रस्त्यापलीकडे टायरचं दुकान होतं. तिथल्या बाकावर बसून त्याने फोनचं वायफाय बंद केलं, मोबाईल डेटा चालू केला आणि पाळणाघराचा पत्ता उघडला. हवेचा पंप ठकठकत होता. दुकानदार कुणाशी तरी पंक्चरवरून हुज्जत घालत होता. दुपार कलत आली होती.

चित्र आलं. दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्याचं नव्हतं. तीच खोली होती. तोच रॅक, तीच फळी, कोपऱ्यातली भोकाची चटईसुद्धा तीच.

पोरं भिंतीकडे तोंड करून बसली होती. सगळीच्या सगळी, मांडी घालून, ताठ, हात गुडघ्यांवर ठेवून. शाळेच्या फोटोसाठी बसवावं तसं, फक्त पाठमोरं. आत्या कुठेच नव्हती. त्याने भिंगरीला फ्रॉकवरून ओळखलं. ती रांगेच्या टोकाला होती आणि जराही हलत नव्हती.

त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ताईने आपल्याला खोटं सांगितलं. या विचाराची त्याला पुढे फार लाज वाटली.

तो धावत रस्ता ओलांडून गेला आणि दार उघडलं. आत बॉल छताला लागून खाली येत होता. बँकेतल्या बाईंचा मुलगा टेबलाखाली शिरून वाघ झाला होता. भिंगरी आत्याच्या गळ्यात पडून तिचे केस विस्कटत होती. एवढा गलबला, की हाक मारली तर ऐकू जाऊ नये.

"काय रे? भूत बघितल्यासारखा काय उभा आहेस?" आत्या म्हणाली.

५

तो उंबऱ्यातच उभा राहिला. एक पाय आत, एक बाहेर. फोन अजून मोबाईल डेटावरच होता.

चित्र अडकलं असणार, त्याने स्वतःला समजावलं. होतं असं. जुनंच चित्र थिजून राहतं आणि आपल्याला वाटतं की ते आत्ताचंच आहे. पण पोरांच्या समोर, त्यांच्या डोक्यांच्या बरंच वर एक आरसा टांगलेला होता, आणि त्या आरशात भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. फोनमधल्या आरशात सेकंदकाटा फिरत होता. त्याने मान वर करून खऱ्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही काटे बरोबरीने चालले होते, तसूभरही मागेपुढे नाही.

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. तो ज्या दारात उभा होता ते दार फोनमध्ये बंद होतं.

"ताई," तो म्हणाला, "जरा भिंगरीला धर. घट्ट धर."

"धरलीय की. ही सोडते कुठे मला?"

फोनमध्ये रांगेच्या टोकाला बसलेल्या मुलीने मान वळवली. बंद दाराकडे. बाहेर कोण उभं आहे ते कान देऊन ऐकावं तशी, हळू. तिचा चेहरा पूर्ण दिसायच्या आत वायऱ्याने फोन पालथा केला. खरी भिंगरी आत्याच्या खांद्यावरून त्याला जीभ काढून दाखवत होती. त्याने तिला ओढून घेतली आणि तिचे एवढे मुके घेतले, की ती वैतागली.

६

माणूस घाबरला की हाताला येईल ते काम करत सुटतो. वायऱ्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि कॅमेऱ्याची वायर उपटली. आतून बघितलं, तर काळोख. बरोबर. मग बाहेर जाऊन बघितलं, तर चित्र होतं तसंच चालू.

म्हणजे उत्तर देणारं दुसरंच काहीतरी आहे. या विचाराने त्याला उलट धीर आला. दुसरं यंत्र म्हणजे ओळखीचं दुखणं. शेजारच्या कुणाचं तरी असेल, कुणीतरी वायफाय चोरलं असेल, कुणी खोडसाळपणा करत असेल. सापडलं की पकडायचं.

त्याने वायर परत लावली आणि राऊटरमध्ये शिरून कोण कोण जोडलेलं आहे ते उघडलं. कॅमेरे दोन दिसत होते. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून जन्मखूण मिळते, एकीसारखी दुसरी नसते, आणि त्यावरूनच राऊटर त्यांना ओळखतो. या दोघांची जन्मखूण एकच होती. एका आकड्याचाही फरक नाही.

"नकली माल," तो मोठ्याने म्हणाला. स्वस्तातल्या कंपन्या करतात असं, एकाच खुणेवर हजार नग काढतात. आपण लावलेला कॅमेरा एकच आहे आणि खोलीत दुसरा कुठेच नाही, हे त्याला माहीत होतं. पण म्हणायला काय जातंय?

खरं तर तिथेच हात काढून घ्यायला हवा होता. कॅमेरा काढून पिशवीत टाकायचा आणि लोकांना सांगायचं, बंद पडला, नवा आणतो. तसं त्याच्या मनात आलंही. पण स्वयंपाकघरात आत्या दुधाचे पेले भरत होती आणि ते ताटात ठेवताना एकमेकांवर आपटत होते. आईबाप तासाभरात येणार होते. कॅमेरा काढला असता तर ते म्हणाले असते, बघा, पुरावा लपवला.

त्याने नेहमीचंच केलं, आजवर शेकडो दुकानांत केलं होतं तेच. वीस नंबरची जागा त्या जन्मखुणेच्या नावावर कायमची बांधून टाकली. आता राखणदार गोंधळणार नाही. बाहेरच्याला एकच खोली, कायमची.

पाठ पोरांकडे होती. त्याने सेव्हवर बोट ठेवलं.

मागचा गलबला थांबला. एखाद्या श्वासापुरताच. तो वळला, तेव्हा पोरं जिथल्या तिथे उभी होती आणि बॉल एकटाच घरंगळत भिंतीपर्यंत गेला. मग आत्या दूध घेऊन आली.

७

बाकावर बसून त्याने भीतभीतच फोन उघडला. आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पोरं खेळत होती! बॉल उडत होता, टेबलाखालचा वाघ चटई चावत होता आणि भिंगरी स्वतःभोवती गिरक्या घेत पडत होती, उठत होती. चित्र स्वच्छ, एकदाही अडकलं नाही. आत्या तेवढी दिसली नाही, पण ती पेले धूत असेल. वायऱ्याने टायरवाल्याची पाठ थोपटली. त्या बिचाऱ्याला कशाबद्दल ते कळलं नाही.

आईबाप आले तेव्हा त्यांना त्याने आधी रस्त्यावरच थांबवलं आणि प्रत्येकाला आपापल्या फोनवर बघायला लावलं. बँकेतल्या बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. काय काय बोलून बसले मी त्यांना!" आत जाऊन त्यांनी आत्याचे दोन्ही हात धरले. आत्याने डोळ्यांना पदर लावला.

पोरं बसली होती. भिंतीकडे तोंड नव्हतं, दाराकडे होतं. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ.

"दूध प्यायल्यापासून बघा कशी शहाण्यासारखी बसलीत," आत्या कौतुकाने म्हणाली. "मी एक शब्द बोलले नाही हो."

ज्याचे आईबाप येतील ते मूल उठे आणि रॅकपाशी जाई. कुणी रडलं नाही, कुणी अजून पाच मिनिटं मागितली नाहीत. भिंगरी आली, चपला घातल्या, बाबाचं बोट धरलं. वायऱ्या खुशीत होता. घरी पोचेपर्यंत वाटेत तोच बोलत होता, आणि ती त्याच्या पावलाला पाऊल जुळवत चालत होती.

८

"अगं बाई, आज सूर्य कुठे उगवला?" बायको म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, नुकतीच येऊन साडी बदलत होती. "चक्क सुलट्या चपला! कुणी शिकवलं गं माझ्या राणीला?"

भिंगरीने चपला काढल्या, जोडून ठेवल्या आणि खुर्चीवर जाऊन बसली.

वायऱ्याने ऐकलं, पण कानाआडच गेलं. काम झालं की घरून एकदा बघायचं, ही त्याची शिस्त होती. तो खिडकीशी गेला आणि फोन उघडला.

उजेड उतरला होता. खोलीत दिवा नव्हता. पोरं तिथेच होती.

सगळी दाराशी जमली होती. बंद दारावर हात मारत होती. वाघ झालेला मुलगा आता जमिनीवर बसून तोंड उघडून रडत होता, आणि आवाज नसल्यामुळे ते बघवत नव्हतं. एक मुलगी मात्र दाराशी नव्हती. तिने स्टूल ओढत ओढत कॅमेऱ्याखाली आणलं, वर चढली आणि चेहरा जवळ आला. भिंगरी वर बघत हात हलवत होती. घरी जायला तयार होऊन, चपला घालून. उलट्या.

तिच्या ओठांवर "बाबा" होतं. ते कळायला आवाज लागत नाही.

त्याने बायकोचा फोन ओढून घेतला आणि बहिणीला लावला. "ताई, खोलीत कोण आहे?"

"कोण असणार? झाडतेय मी. झालंच आता, निघते."

"नीट बघ. दाराशी बघ. स्टुलापाशी बघ."

"अरे, कुणी नाहीये. स्टूल कोपऱ्यात आहे." झाडूचा आवाज थांबला. "तुला बरं नाही का?"

"मी येतोय. धावत येतोय. तू कशाला हात लावू नकोस. ताई, तो स्विच—"

फोनमध्ये भिंगरीने दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणायची तशी. आणि चित्र गेलं. काळी चौकट आणि खाली ओळ, जोडणी होऊ शकत नाही.

"अगं आई गं," पलीकडून आत्या म्हणाली. "सवयीने हात गेला बघ. थांब, थांब, लावते परत."

"ताई!"

"लावला रे, लावला. ओरडतोस काय एवढा? तूच म्हणतोस ना, बंद करून चालू केलं की सगळं बरं होतं."

राऊटर जागा व्हायला वेळ घेतो. वायऱ्याने आयुष्यात हजारदा गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, जरा धीर धरा. तो काळ्या चौकटीवर अंगठा आपटत राहिला. मग चित्र आलं, स्वच्छ, स्थिर. दिवा लावलेली रिकामी खोली, कोपऱ्यात स्टूल, आणि मधोमध झाडू घेतलेली आत्या वर बघून हात हलवत होती.

"दिसतंय का रे आता नीट?" ती फोनवर विचारत होती. "अगदी बरोबर दिसतंय का?"

त्याने चित्र बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं, प्रत्येक वेळी आत्याचीच खोली येत होती, ती दुसरी नाही. बायको धावत आली, काय झालं, कुणाचं काय झालं, असं विचारत राहिली. तिच्या मागे खुर्चीवर मुलगी बसली होती, हात गुडघ्यांवर ठेवून. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, तिला घाई नव्हती. दाराशी तिच्या चपला होत्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, एकमेकींना चिकटून, भिंतीकडे तोंड करून.